वायंगणकर सरांची मराठी

वायंगणकर सरांच्या वर्गात कुणाच्या तोंडून मालवणी शब्द निसटला, की सर खडू खाली ठेवत आणि दाराकडे बोट दाखवत. "तेवढा शब्द बाहेर ठेवून या." ज्याने तो उच्चारला त्याने खरोखर उठून व्हरांड्यात जायचं, क्षणभर उभं राहायचं आणि प्रमाण मराठीतला शब्द घेऊन परत यायचं. सर आवाज चढवत नसत. विद्यार्थ्यालाही ते 'आपण' म्हणत, त्यामुळे अपमान झाला हे कळायला जरा वेळ लागे.

माझी पाळी पहिल्याच दिवशी आली. एसटी उशिरा पोचली होती. दारात उभं राहून मी विचारलं, "सर, भुतूर येव?" वर्ग हसला नाही, अर्धा वर्ग घरी तसंच बोलत होता. सर म्हणाले, "आपण बाहेरच आहात, तेव्हा सोयीचं झालं. 'भुतूर' तिथेच ठेवा आणि आत या." मी ठेवला.

पुढे एम. ए. होऊन मी त्याच कॉलेजात मराठी शिकवायला लागलो, तेही सरांमुळे. मुलाखतीआधी आठवडाभर त्यांनी मला जामसंड्याच्या घरी बोलावून घेतलं. शब्द माझे सुधारले होते, हेल सुधारला नव्हता. "आपलं वाक्य शेवटी पायरी चढतं," सर म्हणायचे. "त्याला खालीच बसवा." मी वाक्यं बसवत राहायचो. काकी चहा ठेवून आत निघून जायच्या. घरातही सर तसंच बोलत. "चहात साखर किंचित अधिक झाली आहे," असं बायकोला सांगणारा नवरा मी तोवर पाहिला नव्हता.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. जिल्ह्याच्या कचेरीत, ओरोसला, कसलीशी बैठक होती, एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. "मुंबईला पहिल्या मुलाखतीत विचारलं, कधी आलात? मी म्हणालो, मी सकाळीच इलंय. समोरचे पाच जण हसले. शिपाईसुद्धा हसला, पण तो बिचारा बाहेर जाऊन हसला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या मुलांना कुणी हसलेलं मला चालणार नाही." त्यानंतर ओरोस येईपर्यंत आम्ही पावसाळ्यातल्या रस्त्यांवर बोललो.

मानपानाचं त्यांना काही नव्हतं. मिळालेल्या शालींवर काकी काजूबिया वाळत घालत आणि सरांना त्यात गैर वाटत नसे. त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी कॉलेजला एकाएकी बोलीचा उमाळा आला. फलक लागले, घाटावरून आलेल्या प्राचार्यांनी फेटा बांधून 'माका अभिमान आसा' हे चिठ्ठीवरून वाचलं आणि टाळ्या घेतल्या. सर शेवटच्या रांगेत बसले होते. माझ्या कानाशी म्हणाले, "मी तो शब्द बाहेर ठेवायला सांगत होतो, हे स्टेजवर ठेवतात. घरी न्यायचं कुणाच्याच मनात नाही." मी हसलो. ते हसले नाहीत.

निवृत्तीनंतर तीन वर्षांनी त्यांना झटका आला. उजवा हात गेला, आणि मराठी गेली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी काकींना समजावलं, की मेंदूत उशिरा शिकलेलं कधीकधी पुसलं जातं, लहानपणीचं तेवढं राहतं. मी भेटायला गेलो तेव्हा सर पडवीत खुर्चीवर बसले होते. मी म्हणालो, "नमस्कार सर. प्रकृती कशी आहे आपली?"

सरांनी मला नीट न्याहाळलं. मग चाचरत विचारलं, "तुमी खंयसून इलास? ओरोसासून?" आणि आत वळून, "गो, सायबांका च्या दी."

चाळीस वर्षं वर्गात उभं राहून त्यांनी जो माणूस घडवला, तो त्यांना सरकारी अधिकारी वाटला. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, सगळं शुद्ध. ते अदबीने मान हलवत राहिले. समुद्राकडे बघून मधेच म्हणाले, "बापाशीची होडी इली काय गो?" त्यांचे वडील होडीवर होते हे मला त्या दिवशी कळलं.

काकी मात्र बोलत्या झाल्या होत्या. "खोटां कित्याक सांगू? चाळीस वर्सां घरात पुस्तक वाचल्यासारख्यां बोलले. आता बोलतत तां माका समाजता." कधीकधी दोघं संध्याकाळभर हसत बसतात, हे त्यांनी जरा ओशाळून सांगितलं.

सरांनी मला एकदा ओळखावं, एवढंच मला हवं होतं. त्यासाठी काय करायला हवं ते उघड होतं. पण आई गेल्यापासून माझ्याशी मालवणीत बोलणारं कुणी उरलं नव्हतं आणि माझी मुलं मराठीच उपकार केल्यासारखी बोलतात. मी कॉलेजच्या कँटीनमधल्या सावित्रीबाईंशी सराव सुरू केला. त्यांनी दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "सर, तुमी मालवणी बोलतास की बातम्या सांगतास?"

तरी मी गेलो. खुर्चीसमोर बसलो आणि एसटीत घोकलेलं वाक्य म्हटलं, "सर, मी इलंय. माका वळाखलास?" वाक्य शेवटी पायरी चढलं नाही. ते खालीच बसलं.

सर काकींना म्हणाले, "ह्येका सांग गो, नाटक करू नको म्हणान."

त्यानंतर मी गेलो नाही. कामं होती, असं मी सांगत असे. झटक्यानंतर सातव्या महिन्यात सर गेले.

कॉलेजने शोकसभा घेतली. मुख्य भाषण मला दिलं. मी अर्धा तास बोललो. सरांची शिस्त, त्यांचे उच्चार, एकेका वाक्यासाठीचा त्यांचा आग्रह. माझी जीभ कुठे अडखळली नाही. प्राचार्य म्हणाले, सरांचा खरा वारसा आपण आज ऐकला. प्राचार्यांचं बोलणं बरोबर निघण्याची ती एकच वेळ.

सभा संपल्यावर मी काकींपाशी गेलो. त्यांनी माझा हात धरला.

"बरां बोललंस," त्या म्हणाल्या. "तू सांगलंस तो माणूस माज्या घरात चाळीस वर्सां ऱ्हवलो. माजी तेची वळख झाली नाय."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे जे होतं, ते सगळं प्रमाण मराठीत होतं. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो.