मिठपाड्याच्या पटावरचं विसावं नाव

भामा भोईरला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आमच्या शिक्षण मंडळाचे नियम अर्ध्या सभासदांपेक्षा तिला जास्त पाठ होते. मी त्या मंडळावर स्वीकृत सदस्य होते, म्हणजे निवडून न आलेली, बी.ए., बी.टी. आहे म्हणून आणून बसवलेली. सभा महिन्याच्या पहिल्या शनिवारी. भिंतीकडेला रहिवाशांसाठी चार खुर्च्या. ज्याला बोलायचं असेल त्यानं बुधवारपर्यंत अर्ज द्यायचा, मग पाच मिनिटं मिळत. पनवेलात हे कुणाला ठाऊकच नव्हतं. खुर्च्यांवर फायली ठेवत. भामा यायची, फायली उचलून जमिनीवर ठेवायची, भाजीची रिकामी टोपली खुर्चीखाली सरकवायची आणि बसायची.

ती पहिल्यांदा आली ती नव्वद साली. न्हावा शेव्याचं बंदर नुकतं सुरू झालं होतं आणि हमरस्त्यावरून रात्रंदिवस कंटेनर धावत होते. मिठपाडा रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. तिची एकुलती एक मुलगी चंद्रावती, पहिलीतली, सकाळी रस्ता ओलांडताना ट्रेलरखाली गेली. नवरा रामू मिठागरात कामाला होता. तो त्या दिवसापासून घरात बसला तो बसलाच. भामा पंधराव्या दिवशी आमच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या पाड्यान शाळा द्या." अकरा महिने ती दर सभेला तेच बोलली. शेवटी तिला गप्प करायला म्हणून का होईना, मंडळानं एक खोली आणि एक शिक्षक दिला.

चूक तिथेच झाली. पाड्यातल्या मुलांची नावं जुन्या शाळेच्या पटावरून नव्या पटावर एकगठ्ठा उतरवली गेली. नाव कमी करायला पालकाचा अर्ज लागतो. भामानं तो दिला नव्हता आणि तिच्याकडे मागायची कुणाची छाती झाली नाही. त्यामुळे चंद्रावती रामू भोईर हे नाव, ती ज्या शाळेत कधी गेलीच नाही, तिथे पहिलीत दाखल झालं. आणि पाच वर्षं पहिलीतच राहिलं.

शहाण्णव साली वरून पत्र आलं की वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा मोठ्या शाळेत मिळवा. मोठी शाळा म्हणजे परत रस्त्यापलीकडची. मिठपाड्याचा पट वीस होता. खातरजमा करायला मला पाठवलं, कारण इतर कुणाला चिखलातून जायचं नव्हतं.

सकाळी साडेदहाला पोचले. भामा खिडकीबाहेर टोपली घेऊन उभी होती. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलीय. गुरुदत्त गुरुजी म्हणाले, "नाही बाई, त्या रोजच उभ्या असतात. हजेरी होईपर्यंत." पालक समितीचे अध्यक्ष काशीराम दारात होते, पांढरी टोपी घालून. कुंपणापाशी वीटभट्टीवरच्या कातकऱ्यांची तीन मुलं आत टक लावून बघत होती.

मी मुलं मोजली. एकोणीस.

गुरुजींनी हजेरी घेतली. एकेक "हजर" येत गेला. सातवं नाव आलं, चंद्रावती रामू भोईर.

"हजर."

बारीक, जरा घाईतला आवाज. कुणाचे ओठ हलले ते मला दिसलं नाही.

"कोण ते? उभी राहा."

कुणी उठलं नाही. मुलं चेष्टा करतात तेव्हा खुसखुसतात, एकमेकांकडे बघतात. बत्तीस वर्षं मी शाळेत काढलीत, मला ते कळतं. ही मुलं खुसखुसली नाहीत. ती तिसऱ्या रांगेकडे बघत होती. तिथे दोन मुलींच्या मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती, आणि बस्कर अंथरलेलं होतं.

मी प्रत्येक मुलीकडून "हजर" म्हणवून घेतलं. तो आवाज कुणाचाच नव्हता. मग सगळ्यांना दारातून एकेक करून बाहेर काढलं, प्रत्येकाच्या तळव्यावर खडूची रेघ मारून. एकोणीस रेघा झाल्या. खोली रिकामी.

"गुरुजी, आता ते नाव पुन्हा वाचा."

"बाई, मी नाही वाचणार."

"मग पट इकडे द्या."

मी वाचलं. मोठ्यानं, स्पष्ट, भरल्या वर्गात वाचावं तसं.

"हजर."

तिसऱ्या रांगेतून आला. बस्करावर काही नव्हतं.

"पाच वर्षं तुम्ही हिची हजेरी लावताय?" मी गुरुजींना विचारलं.

"आवाज आल्यावर गैरहजर कशी लावू, बाई?"

काशीराम पुढे आले. "वीस लिवा बाई. नाव हाय, आवाज हाय, अजून काय पायजे मंडलाला?"

"डोकं पाहिजे. बाकीच्यांना आहे तसं."

"मंग पोरं जातील परत त्याच रस्त्यावर. तुमचा ट्रेलर काय थांबतो का?"

"ती तीन मुलं कोणाची?" मी कुंपणाकडे बोट दाखवलं.

"ती भट्टीवरची. त्यांची गोष्ट येगली."

"वयाची आहेत की. पटावर का नाहीत?"

गुरुजी जन्मदाखल्याचं काहीतरी पुटपुटले. मी सांगितलं, पालकाच्या तोंडी जबाबावर नाव घालता येतं, निम्मं पनवेल तसंच शिकलं. तेव्हा काशीराम खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्यांना आमच्या पोरांच्या बाजूला नाय बसवत आमी."

म्हणजे मेलेली मुलगी चालत होती आणि जिवंत तीन चालत नव्हती. मी हे तोंडावर बोलले. टोपीवाल्यांना ते आवडलं नाही.

बाहेर भामा तशीच उभी होती.

"बाई, आयकलात ना तुमी?"

"ऐकलं."

"तिचाच हाय. मी येते त्यासाठी. मंग दिवसभर भाजी इकता येते."

हिला कसं सांगायचं याचा विचार करत बसण्यात अर्थ नव्हता. मी सरळ सांगितलं. मी एकोणीस लिहिणार. पट खोटा ठरला की त्यावर नवं नाव चढत नाही, आधी तो दुरुस्त व्हावा लागतो. चंद्रावतीचं नाव निघालं तर त्या तिघांची घालता येतील आणि शाळा वाचेल. नाही निघालं तर शाळा बंद. नाव फक्त आईबापानं काढायचं, आणि रामू बोलत नाही.

"नाव काढल्यावर आवाज?"

"मला माहीत नाही, भामा."

"तुमाला शिकलेल्यांना कायच म्हाईत नसतं," ती म्हणाली आणि टोपली उचलून बाजाराकडे गेली.

पहिल्या शनिवारी ती सभेला आली. अर्ज बुधवारीच देऊन गेली होती. मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "बोला भामाबाई, यावेळी काय?"

"वाचून दावा," ती म्हणाली.

लिपिकानं वाचलं. विषय, पटावरून नाव कमी करणे. कारण, मयत. तारीख सहा वर्षांपूर्वीची. खाली निळा अंगठा. जोडीला दुसरा कागद होता, वीटभट्टीवरच्या तीन मुलांची नावं आणि त्यांच्या आयांचे तीन अंगठे. भामा स्वतः भट्टीवर जाऊन घेऊन आली होती.

काशीराम शेजारच्या खुर्चीत होते. "पाड्याला इचारलं का गो तू?"

"मला इचारून नव्हती नेली पोर," भामा म्हणाली. "तुमच्या नातवाला रस्त्यावर धाडता का, काशीरामदादा? मंग बसा गप."

ठराव एकमतानं झाला. तिची पाच मिनिटंही संपली नव्हती. बाहेर पडताना दारातून परत वळून तिनं लिपिकाला विचारलं, "पुसलं का नाव?" तो म्हणाला, "पुसत नाहीत बाई, लाल रेघ मारतात." तिनं मान हलवली.

सोमवारी मी पुन्हा मोजणीला गेले. बावीस डोकी. भामा खिडकीशी होतीच. ती आली नसती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. गुरुजींनी नवी हजेरी वाचली. सातवं नाव आता दुसऱ्याच मुलाचं होतं. बावीस नावं, बावीस "हजर". त्यांनी वही मिटली. भामा गज धरून उभीच होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं, ताई."

भट्टीवरची तिन्ही मुलं अजून दारापाशीच घुटमळत होती. गुरुजींनी दोघांना मागे बसवलं आणि लहान मुलीला तिसऱ्या रांगेतली रिकामी जागा दाखवली. ती सहा वर्षांची होती, पहिल्यांदाच शाळेत आलेली. आधीचं तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ती बस्करापाशी गेली आणि थांबली. खाली बघून म्हणाली, "सरक ना गो जरा."

मग थोडं थांबून, बस्कराच्या एका कडेला बसली.