साडूभाऊंनी सोडलेलं पाणी

आमच्या साडूभाऊंइतका पावसाचा विचार खुद्द ढगांनीही केला नसेल. चिखलीच्या एका कचेरीत त्यांचं काम एवढंच की, कुठे किती पाऊस पडला तर नाल्याला किती पाणी येईल, ते कंप्युटरवर आधीच वाहवून पाहायचं. पण काम कचेरीत ठेवून घरी येतील तर ते साडूभाऊ कसले! पंगतीत बसले की भाताच्या ढिगाला उतार देणार, वर वरण ओतणार आणि ते पानाच्या कोणत्या कडेनं निघतं ते न्याहाळणार. वाढणारा भाजी घेऊन ताटकळतोय आणि हे म्हणतात, "थांबा, अजून मुरून राह्यलं!" सासूबाईंनी नवं अंगण घातलं, तेव्हा यांनी बादलीभर पाणी ओतून त्याचा उतार चुकल्याचं सिद्ध केलं. त्या दिवशी जावयाला चहा मिळाला नाही.

त्या वर्षी अमडापूरकडच्या आमच्या गावात जो तो बीटी कपाशीच्या मागे होता. माझीही नाल्याकाठी, रस्त्याच्या खालच्या अंगाला, दोन एकर होती, बोंडांनी वाकलेली. नाल्यावरचा रस्ता नुकताच उंच झाला होता. एका रविवारी साडूभाऊ जेवण सोडून टेप घेऊन रस्त्याखालच्या नळ्या मोजायला गेले. रस्त्याच्या वरच्या अंगाला नाल्याकाठी राहणारे पिंजारी चाचा हसले, "साहेब, तुमच्या कंप्युटरले पोहता येते का?"

"नाही येत चाचा. म्हणून तं आधीच पाहून राह्यलो," हे गंभीरपणे म्हणाले.

पुढच्या रविवारी त्यांनी पारावर नकाशा पसरला. मोठा पाऊस आला तर या अरुंद नळ्यांतून पाणी निघणार नाही, रस्ता धरणासारखा अडवेल आणि चाचांच्या वस्तीतल्या सात घरांत पाणी शिरेल. रस्ता फोडून वाट दिली तर घरं वाचतील.

"अन् ते पाणी जाईन कुठे?" सरपंचांनी विचारलं.

साडूभाऊंनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "यायच्या वावरातून."

म्हणजे माझ्या शेतातून! मी तडक घरी आलो. दुसऱ्या दिवशी सरपंच दारात. नाहीच म्हणणार होतो. पण त्या सातही घरांतली माणसं डोळ्यांपुढे आली. "फोडा," म्हणालो.

पोळा झाला आणि पाऊस कोसळला. पाणी वस्तीच्या उंबरठ्याशी येऊन वळलं, आणि माझी कपाशी आडवी झाली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर साडूभाऊ पँट दुमडून माझ्याच चिखलात टेप धरून उभे!

"गुडघाभर येईन म्हटलं होतं, पोटरीभरच आलं. माहं चुकलं."

"मग काय, नाचू?" मी म्हणालो, आणि त्यानंतर त्यांच्याशी बोलणंच सोडलं. तरी दर रविवारी ते यायचे, ओट्यावर तासभर गुपचूप बसायचे आणि जायचे. पुढे त्यांची बदली कोकणात झाली.

परवा त्यांची बायको, म्हणजे आमच्या हिची थोरली बहीण, आली होती. बोलता बोलता म्हणाली, "पारावर सांगायच्या आधी तीन दिवस धड जेवले नाही हे. कंप्युटरवर कधी नळी मोठी करत, कधी बांध घालत, अन् पुन्हा पुन्हा तेच पाणी सोडत. म्या म्हटलं, काऊन जीव जाळून राह्यले? तं म्हणे, एकदा तरी त्याचं वावर वाचते का, पाहून राह्यलो."

दर रविवारी ते ओट्यावर येऊन बसले की मी मुद्दाम बैलांना सोडून पाणी दाखवायला निघून जात असे.