आठ जणांचा एक अंगठा

"हे अक्षर तुझंच ना?" मॅनेजर साहेबांनी पगारपत्रक माझ्यापुढे सरकवलं.

अक्षर माझंच होतं. सुखदेव मुकादम, महिना सातशे वीस रुपये, आणि समोर डाव्या अंगठ्याचा निळा ठसा.

"मग झालं तर. चारशेच्या वर पगार असलेल्या माणसाला भरपाईच्या कायद्यात कामगारच धरत नाहीत. तो कसली भरपाई मागतो?"

पन्नासचं दशक संपत आलं होतं. भिलाईचा कारखाना उभा राहत होता. मी तिथल्या एका ठेकेदाराच्या टाइम ऑफिसात, म्हणजे हजेरी आणि पगाराच्या ऑफिसात, कारकून होतो. सुखदेव माझ्याच मुलखातला, भंडाऱ्याकडचा. रिगरच्या टोळीचा मुकादम. लोखंडी गर्डर साखळीनं बांधून वर चढवतात ते रिगर. महिन्यापूर्वी साखळी सरकली आणि त्याचा डावा हात गर्डरखाली सापडला. दवाखान्यात तो कोपराखाली कापावा लागला. भरपाईचा अर्ज मीच लिहून दिला होता.

सातशे वीस कमावणारा मुकादम तेव्हा भिलाईत असता, तर मीच त्याच्याकडे कारकुनी केली असती. ती रक्कम आठ जणांची होती. पगाराच्या दिवशी एकेकाचा अंगठा घेत बसलं की संध्याकाळ व्हायची. म्हणून मी सगळ्या टोळीचा पगार मुकादमाच्या नावावर लिहायचो आणि त्याचा एकट्याचा अंगठा घ्यायचो. तो बाहेर झाडाखाली बसून सगळ्यांना वाटून द्यायचा. त्याच्या स्वतःच्या वाट्याला शंभरच्या आसपास यायचे.

"साहेब, हे तुम्हाला माहीत आहे," मी म्हणालो.

"मला कागद माहीत आहे. पोस्टात पासबुक आहे म्हणे त्याचं. मजुराजवळ पासबुक असतं का? तो छोटा ठेकेदारच आहे. आणि तू साक्षीला गेलास तर महिनाअखेर तुझा हिशेब घेऊन जा."

झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार? मी उठलो आणि सायकल काढून थेट मरोद्याला, सुखदेवच्या वस्तीवर गेलो.

सुखदेव झोपडीच्या दाराशी बसला होता. त्याची बायको जाईबाई चुलीपुढे होती. तिच्या हातात पासबुक होतं.

"बाबूजी, हे चुलीत टाकू का?"

"कावून?"

"लोक सांगून राहिले, ज्याच्यापाशी पैसा असन त्याले सरकार काई देत नाही. साहेबाचा माणूसई इचारून गेला."

"कायदा पगार पाह्यते, वैनी. साठवलेलं नाही पाहत. द्या इकडं."

मी पासबुक उघडलं. पगार झाला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भरणा. पाच रुपये. सात रुपये. दिवाळीच्या महिन्यात काहीच नाही. पानं उलटता उलटता मला माझीच लाज वाटली. संध्याकाळचे दोन तास वाचवायला मी या माणसाला कागदावर श्रीमंत करून ठेवलं होतं.

"राहू द्या बाबूजी," सुखदेव म्हणाला. "माह्यापायी तुमची नोकरी जाईन. करीन काईतरी एका हातानं."

"तुमचा हात माह्या लिखाईनं नाही गेला. पण तुमचा हक्क जाऊन राहिला. ते मी होऊ देत नाही."

सुनावणी सरकारी कमिशनरांसमोर होती. अशा भरपाईचा निकाल तेच देतात. ठेकेदाराच्या वकिलानं पगारपत्रक पुढे केलं. कमिशनरांनी मला विचारलं, "ये आपने लिखा है?"

"जी. लिखा मैंने है, और गलत लिखा है."

मग मी कमिशनरांनी मागवून घेतलेलं हजेरीचं रजिस्टर दाखवलं. रोजची आठ नावं, आठ हजेरीचे बिल्ले. बिल्ले मुकादमानं नव्हे, आमच्याच ऑफिसानं दिलेले; म्हणजे आठही जण ठेकेदाराचेच कामगार. वकील डगमगला नाही. "मुकादम का पासबुक भी देख लीजिए, साहब," तो म्हणाला. त्याला वाटलं, आम्ही ते लपवू.

जाईबाईनं पदराची गाठ सोडून पासबुक काढलं आणि स्वतः टेबलावर नेऊन ठेवलं. कमिशनरांनी एकेक पान पाहिलं. मग चष्मा काढून वकिलाला विचारलं, "सात सौ कमाने वाला महीने के पाँच रुपये जमा करता है?"

वकील खाली बसला. सुखदेव कामगार ठरला आणि भरपाई मंजूर झाली. मला महिनाअखेर काढलं. बोलल्याप्रमाणे वागायची साहेबांची ती एकच वेळ. पुढे दोन महिन्यांनी दुसऱ्या ठेकेदाराकडे लागलो.

भरपाईची रक्कम घ्यायला कमिशनरांच्या कचेरीत सुखदेवबरोबर मी गेलो होतो. तिथल्या बाबूनं शाईचा पॅड पुढे केला आणि मान वर न करता सवयीनं म्हणाला, "बायाँ अंगूठा."

सुखदेवनं रिकाम्या बाहीकडे पाहिलं. मग उजवा अंगठा पुढे केला. आठ जणांचा पगार घेणारा तो डावा अंगठा आता फक्त माझ्या जुन्या पगारपत्रकांवर उरला होता.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत पगाराच्या दिवशी मला घरी जायला उशीर व्हायचा. बायको चिडायची, भाजी गार व्हायची. आठ माणसं असली की मी आठ अंगठे घ्यायचो.