एक कमी

"एक कमी हाय."

आमच्या आण्णांची मोजणी संपली की हे वाक्य ठरलेलं. मिरजेजवळच्या आमच्या पंपाच्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. सहलीची बस सुटायच्या आधी दारात उभं राहून ते पेन्सिलीनं एकेक डोकं मोजायचे आणि हमखास एक कमी भरायचा. एकदा साताऱ्याकडच्या खंडाळ्यात चहाला थांबलो, तर अर्धा तास आम्ही हॉटेलमागच्या उसात माणूस शोधत होतो. शेवटी ड्रायव्हर वैतागला.

"आवं आण्णा, तुमी सोताला धरलं का?"

आण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मोजणाऱ्यानं सोताला मोजायचं नसतंय," म्हणाले आणि चढले.

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेलच. आपण त्याच्यावर हसतो आणि सगळी कामं त्याच्याच गळ्यात घालतो. कामगारांच्या निवृत्ती निधीच्या वह्याही आण्णांकडेच होत्या. नियम असा, की सभासद शंभरपर्यंत असतील तर आपल्यातल्याच दोघांनी वह्या तपासायच्या. एकशे एकावा आला की बाहेरचा ऑडिटर, आणि त्याची फी निधीतून. या फीचं नाव काढलं तरी आण्णांचा डबा अर्धा राहायचा.

"आपल्या म्हातारपणाचं पैसं त्यो मोजणार, आन् मोजायचंबी पैसं घेणार. लय भारी."

सहा वर्षं आमचा आकडा शंभरावर अडकलेला होता. तपासनीस दोघांपैकी एक मीच. आण्णा बोट ठेवतील तिथं मी सही करायचो आणि चहा प्यायचो.

तीन वर्षांपूर्वी नवी शेड झाली, एकदम बारा माणसं कायम झाली आणि आण्णांनी हात टेकले. सांगलीहून ऑडिटर बाई आल्या. आण्णांनी दोन दिवस दाढी केली नाही, वह्या बाईंच्या टेबलाच्या कडेला ठेवल्या आणि लगेच निघून गेले. खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली. माझी वीस वर्षांची बचत त्या वह्यांत होती.

तिसऱ्या दिवशी बाईंनी आम्हाला बोलावलं.

"हिशेब पैशाला पैसा जुळतोय. पण हजेरीपटावर एकशे तेरा माणसं आहेत आणि निधीत एकशे बारा. एक कमी आहे."

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा खिडकीकडे बघत होते.

ऑडिटच्या सहा वर्षं आधी कँटीनची ताराक्का कायम झाली, ती एकशे एकावी. ऑडिटर नको म्हणून आण्णांनी स्वतःचं नाव काढून तिचं घातलं होतं. आष्ट्याच्या घरावर निवृत्तीनंतर स्लॅब टाकायचा, हे त्यांचं स्वप्न आम्हाला तोंडपाठ होतं. तो कशावर टाकणार होते, देव जाणे.

"एकटी बाई. तिला थांब म्हणायचं व्हय?" आण्णा म्हणाले. "पत्राबी काय वाईट न्हाई."

"नियमानं कुणालाच असं वगळता येत नाही," बाई म्हणाल्या आणि अहवालात पहिला शेरा तोच लिहिला. मालकांनी सहा वर्षांचा आपला हिस्सा भरला. आण्णांचा हिस्सा हप्त्यांनी कापायचं ठरलं. ऑडिटची फी मी वाटून बघितली, तर माणशी दोन वडापावांइतकी होती. मला फार लाज वाटली. सह्या माझ्याच होत्या.

आण्णा गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदाची सहल वाईला होती. ड्रायव्हरनं न सांगताच आष्ट्यात त्यांच्या दारासमोर बस थांबवली. आण्णा नव्या स्लॅबवर उभे होते.

"चला की आण्णा, जागा हाय," मी ओरडलो.

"आता माझं काय काम? जावा तुमी."

पण यादीत किती नावं ते विचारून त्यांनी कानावरची पेन्सिल काढलीच. खिडक्यांतून बाहेर आलेली डोकी पुढून मागं मोजली, मग पुन्हा मागून पुढं.

"बरोबर हायसा," म्हणाले.

बस सुटली. त्यांची मोजणी पहिल्यांदाच पुरी भरली होती, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.