टीम पाडणारे काका

आमच्या कॉलनीत सव्वीस जानेवारीला रस्सीखेच असते आणि टीम पाडायचं काम कोपऱ्यावरच्या काकांचं. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. गळ्यात शिटी आणि तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा, त्यामुळे शिटी कमी वाजते, थुंकी जास्त उडते.

"ज्याले ज्याच्यासंग राहायचं हाय, त्याच्याजवळ उभे राहा गा," असं ते प्रेमानं सांगतात. दोस्त दोस्ताला चिकटतो, जाऊ जावेला. मग काका रांगेवरून "एक, दोन, तीन, चार" मोजत जातात. एक आकडा म्हणजे एक टीम, म्हणून शेजारी उभा असलेला माणूस कधीच आपल्या टीममध्ये येत नाही. दोन मिनिटांत साऱ्या टोळ्या फुटतात. दरवर्षी आम्ही फसतो आणि दरवर्षी मी चिडतो.

यंदा कॉलनीचे अध्यक्ष म्हणाले, "हा पोरखेळ बंद करा. चार कॅप्टन आपापली माणसं निवडतील."

"बरं. मंग तुमीबी लायनीत या, साहेब," काका म्हणाले.

आधी जिमवाले निवडले गेले, मग पोटवाले, मग काठी टेकत आजीसुद्धा गेल्या. मैदानाच्या मधोमध अध्यक्ष एकटे उरले. चारही कॅप्टन आभाळाकडे पाहू लागले.

काकांनी शिटी पुसली. "मोजू का, साहेब?"

"मोजा ना भाऊ, काहून तमाशा करून राह्यले?" अध्यक्ष खेकसले.

काकांनी सगळ्यांना परत बोलावलं. "ज्याले ज्याच्यासंग राहायचं हाय..."

अध्यक्ष धावत येऊन मलाच चिकटले. काकांच्या मोजणीवर त्या दिवशी पहिल्यांदाच माझा जीव जडला.