दवाखान्याची दोरी

आमच्या घरात सरकारी दवाखान्याबद्दल कुणी वाईट बोललेलं चालत नसे. औषधं नाहीत, डॉक्टर वेळेवर येत नाही, पंखा फिरत नाही, हे सगळं खरं असलं तरी ते दुसऱ्यांनी बोलावं, असा आमच्या आईचा दंडक होता. त्याला कारण होतं. तिच्या लहानपणी गावातला वैद्य आमच्या वस्तीतल्या माणसाची नाडी बघत नसे. तो ओट्यावर बसून विचारायचा, अंगणातून उत्तर जायचं आणि वरून पुडी पडायची. पुढे जवळच्या मोठ्या गावात सरकारी दवाखाना निघाला. तिथल्या डॉक्टरने आईचं मनगट हातात धरलं, घड्याळाकडे बघितलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. तेव्हा आपल्याला झालं काय होतं, हे आई नंतर विसरली, पण ते मनगट धरलेलं कधी विसरली नाही. तथागतांच्या तसबिरीशेजारी तिने त्या डॉक्टरची तसबीर लावली नाही, एवढंच.

हा वारसा माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने चालवला. मी भोकरदनला शाळामास्तर झालो, पुस्तकं वाचत गेलो आणि शासनावर विश्वास ठेवण्याची माझी ताकद वयाबरोबर कमी होत गेली. अक्का लवकर विधवा होऊन माहेरी परतली. मजुरी करून तिने एकुलत्या मुलाला शिकवलं. तो पुण्याला नोकरीला लागला तरी ती गाव सोडून गेली नाही. कोरोनाची लस आली तेव्हा निम्मं गाव मळ्यांमध्ये जाऊन लपलं होतं. लस घेतली की माणूस दोन दिवसांत जातो, अशी बातमी मोबाईलवर फिरत होती. विहारासमोर मांडलेल्या खुर्चीवर पहिल्यांदा जाऊन बसली ती अक्का. बाही वर करून तिने नर्सबाईंना सांगितलं, टोचा, मी मेले तर मंग यांना कळंलच. ती मेली नाही, तेव्हा वस्तीतली माणसं एकेक करून मळ्यातून परत आली.

त्याच दिवसांत दवाखान्याच्या व्हरांड्यात ती दोरी आली. पिवळ्या नायलॉनची, दोन खांबांना कमरेच्या उंचीवर बांधलेली. दोरीच्या बाहेर फरशीवर चुन्याने गोल काढले होते. एका गोलात एक माणूस उभा राहायचा. पलीकडे खिडकी, खिडकीत कंपाउंडर, आणि त्याच्या मागे लांब खोलीच्या टोकाला डॉक्टर. डॉक्टर तिथूनच विचारायचा, काय होतंय. पेशंट ओरडून सांगायचा. सगळा व्हरांडा त्याचं दुखणं ऐकायचा. त्या दिवसांत ते योग्यच होतं. माणसं मरत होती आणि कुणाला काही सुचत नव्हतं. मी स्वतः शाळेच्या फाटकाला अशीच दोरी बांधून उभा राहिलो आहे.

मग साथ गेली. पण साथीबरोबर जे तात्पुरतं बंद झालं होतं, त्यातलं बरंचसं परत आलं नाही. आमच्या गावाची दुपारची एसटी ‘पुढील आदेशापर्यंत’ बंद होती. पुढचा आदेश कुठे अडकला आहे, हे आगारात कुणालाच माहीत नव्हतं. बँकेने पासबुक भरून द्यायचं थांबवलं ते थांबवलंच. तात्पुरतं हा शब्द आमच्याकडे फार दीर्घायुषी आहे. दवाखान्यात रक्त तपासणारा माणूस बदलून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही. तिथे आता दोनच गोष्टी कधी कमी पडत नाहीत, एक पांढऱ्या गोळ्या आणि दुसरी साहेबांची मीटिंग.

अक्काला दम लागायला सुरुवात झाली ती त्यानंतर. आधी पाण्याची घागर आणताना, मग नुसतं झाडताना. मी म्हटलं जालन्याला दाखवू. ती म्हणाली, आपला दवाखाना असताना खासगीत कशाला. ती जीपमध्ये बसून एकटीच दवाखान्यात जायची आणि दोरीबाहेर उभी राहायची. चुन्याचे गोल पावसाने कधीच धुऊन गेले होते, पण तिला ते कुठे होते हे पाठ होतं. मी एकदा सोबत गेलो तेव्हा बघितलं. फरशीवर काहीच नव्हतं आणि ती नेमकी त्या काहीच नसलेल्या जागेवर पाय जुळवून उभी होती. पुढे दोघंतिघं तशीच उभी होती, मीही तिच्या मागच्या नसलेल्या गोलात उभा राहिलो. आतून आवाज आला, काय होतंय. तिने ओरडून सांगितलं, दम लागतो. ओरडल्यामुळे तिला आणखी दम लागला. आतून उत्तर आलं, वय झालं आजी, ॲसिडिटी असेल. खिडकीतून गोळ्या आल्या.

परत येताना मी चिडलो होतो. हे काय तपासणं झालं, असं काहीतरी बोललो. तिने मला गप्प केलं. सगळ्यांना तसंच आहे, म्हणाली. थोड्या वेळाने जीपच्या आवाजात मला ऐकू येईल इतपत म्हणाली, “आधी आपल्यालाच लांब उभं करत होते. आता सगळ्यांना करून राह्यले. एवढी बराबरी तर झाली, मास्तर.”

ती मला मास्तर म्हणायची ती टोमणा मारायचा असला की. हा टोमणा नेमका कुणाला होता, ते मला त्या दिवशी कळलं नाही.

अशी दोन वर्षं गेली. मध्येच दवाखान्याला रंग दिला गेला आणि नवी पाटी लागली. पाटीवर ‘आरोग्य’ या शब्दाला इतकी विशेषणं जोडली होती की मूळ शब्द आजारी वाटावा. उद्‌घाटनाला मोठे पाहुणे यायचे होते. त्यासाठी ‘लाभार्थी’ हवे होते, आणि लस पहिली घेणारी म्हणून अक्काला बोलावणं आलं. तिने ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसलं. त्या दिवशी पिवळी दोरी सोडलेली होती आणि तिच्याच दोन खांबांना लाल फीत बांधली होती. पाहुणे दोन तास उशिरा आले, फीत कापली, आणि ग्रामीण भागातल्या शेवटच्या माणसाविषयी बोलले. शेवटचा माणूस तेव्हा मंडपाच्या कडेला उन्हात उभा होता, कारण सावलीतल्या खुर्च्या पहिल्या माणसांनी घेतल्या होत्या.

भाषणानंतर फोटो. अक्काला स्टुलावर बसवलं. पाहुणे एका बाजूला, डॉक्टर दुसऱ्या बाजूला. डॉक्टरने तपासायच्या नळीचं टोक तिच्या पाठीवर ठेवलं. अक्काने डोळे मिटून खोल श्वास घेतला, दोन वर्षांचा साठवून ठेवल्यासारखा, आणि तसाच धरून ठेवला. फोटो निघाला. नळी उचलली गेली. मी समोरच होतो. नळीची दुसरी दोन टोकं डॉक्टरच्या गळ्यातच लोंबत होती, कानांत घातलेलीच नव्हती.

मी तिला हे सांगणार नव्हतो. पण घरी येताना तीच म्हणाली, “त्यानं कुठं कान लावला? मी एवढा दम धरला, अन् तो फोटोवाल्याकडं बघून राह्यल्ता.”

पुढच्या आठवड्यात दोरी पुन्हा जागेवर होती. आम्ही दोघं पुन्हा बाहेर उभे. तिचे पाय सुजले होते, म्हणून या वेळी मी हट्टाने सोबत आलो होतो. तेवढ्यात आमच्याच गावचे एक बागायतदार आले. सज्जन माणूस, माझ्या बरोबरीच्या वयाचे, कुठेही भेटले तरी आधी हात जोडणारे. त्यांनी दोरी एका हाताने वर केली, खाली वाकून आत गेले आणि थेट डॉक्टरच्या खोलीत शिरले. मी शिपायाला विचारलं. तो माझा जुना विद्यार्थी, नववीत दोन वर्षं माझ्यासमोर बसलेला. मी म्हटलं, अरे, नियम त्यांना नाही का.

“कोन्ता नियम, सर?”

मी दोरीकडे बोट दाखवलं.

तो हसला. त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. “ती कोरोनाची दोरी कवाच उठली, सर. आता बकऱ्या आत येतेत म्हणून बांधून ठेवतो. तुमी बाहेर कशाला थांबले? ज्याला जायचं ते सरळ आत जातेत.”

अक्काने ते ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण बघण्याची हिंमत झाली नाही. दोरी वर धरून मी तिला आत नेलं. डॉक्टर नुकताच मागच्या दाराने निघून गेला होता, जिल्ह्याला मीटिंग होती. त्याच्या खुर्चीवर टॉवेल होता आणि टेबलावर ती नळी पडलेली होती. बागायतदार बटणं लावत बाहेर आले, म्हणाले, आत्ताच गेले साहेब, माझं तपासून लगेच निघाले. त्यांनी अक्काची चौकशीही केली.

जीपमध्ये बसल्यावर तिने लुगडं सारून सुजलेले पाय बघितले. मग एवढंच म्हणाली, “बकरीवाणी उभी राह्यले ना रे मी.”

मी समजूत घालायला लागलो. म्हटलं, पाटी नव्हती, कुणी सांगितलं नाही, मलाही कळलं नाही. हे खरं होतं, पण अपुरं होतं. बागायतदारांनाही कुणी सांगितलं नव्हतं. एक दिवस ते वाकून आत गेले असतील, कुणी अडवलं नसेल, आणि नियम संपला. त्यांच्या घरात कमरेएवढी दोरी ही नुसती दोरी असते. आमच्या घरात, अमुक जागी उभं राहा असं एकदा सांगितलं की तीन पिढ्यांचे पाय आपोआप जुळतात. त्यात वर अक्काचा त्या दवाखान्यावर जीव. आपल्याच दवाखान्याने घातलेला नियम आपण मोडायचा कसा, असं तिचं चाललं होतं.

जालन्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने काही न विचारता आधी नळी कानात घातली आणि तिच्या छातीवर ठेवली. मग पाठीवर. मग डाव्या कुशीवर वळवून पुन्हा छातीवर. पुष्कळ वेळ त्याने ऐकलं. मग तिला बाहेर बसायला सांगून मला म्हणाला, हृदयाची एक झडप खराब आहे, लहानपणी कधीतरी सांधे सुजून ताप आला असेल त्याची ही देणगी. एवढं मोठं ऐकू येतंय, आधी कुणी ऐकलं कसं नाही? दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर छाती न उघडता करता आलं असतं. आता संभाजीनगरला मोठं ऑपरेशन. करायला हवं, आणि लवकर.

मी आमच्या दवाखान्यात डॉक्टरला भेटायला गेलो. भांडायचं ठरवून गेलो होतो. या वेळी वाकून आत गेलो. डॉक्टर तरुण होता, त्याने उठून मला खुर्ची दिली, कागद वाचले, त्याला खरंच वाईट वाटलं. मी म्हटलं, ती दोन वर्षं तुमच्या दारात उभी होती. तो गोंधळून म्हणाला, “पण काका, तुम्हाला अडवलं होतं का कुणी?”

कुणीच अडवलं नव्हतं. आम्हाला फसवलं म्हणावं तर फसवणारा सापडत नव्हता, आणि भांडावं तर समोरचा पाणी विचारत होता. चहासुद्धा मागवला त्याने. मी तो घेतला नाही.

संभाजीनगरची तारीख मिळाली. भाचा पुण्याहून थेट तिकडेच पोहोचणार होता. खर्चाची सोय सरकारी योजनेतून झाली. हे मुद्दाम लिहितो, कारण नंतर लोकांनी विचारलं, पैशासाठी राहिलं का. पैशासाठी राहिलं नाही. ठरल्या दिवशी मी भोकरदनहून जीप घेऊन पहाटे गावात गेलो. अक्का चुलीपुढे बसलेली होती. पिशवी भरलेली नव्हती. तिने माझ्यासाठी चहा ठेवला होता.

मी आधी घाई केली, मग समजावलं, मग रागावलो. भाच्याला फोन लावून तिच्या कानाला धरला. तो रडला. ती त्याला म्हणाली, जेवून घे बाळा. मी म्हटलं, अक्का, हे डॉक्टर वेगळे आहेत, त्यांनी कानाने ऐकलंय. ती म्हणाली, ऐकलं असंल. मी म्हटलं, मग?

“मला पहिल्या दिवशी कुनी म्हटलं असतं, चल कापायचं, तर गेले असते रे. लस घ्यायला गेले तशी गेले असते. आता न्हाई होत. ते तोंडावर फडकं टाकून भूल देतेत, अन् मंग आपन कुनाच्या भरोशावर झोपायचं?”

मी अनेक पुस्तकं वाचली आहेत. जोखीम म्हणजे काय, शंभरात किती वाचतात, हे मला तिला सांगता आलं असतं. पण तिला आकडे नको होते. तिची जी गोष्ट गेली होती ती ना मला परत आणता आली असती, ना संभाजीनगरच्या डॉक्टरला.

बाहेर जीपवाल्याने हॉर्न वाजवला. अक्का उठली. मला वाटलं, निघाली. तिने दुसऱ्या पेल्यात चहा ओतला, पदराने पेला धरला आणि अंगण ओलांडून जीपकडे गेली. मध्ये बाभळीच्या बुंध्याला हात टेकून थांबली, छाती वरखाली होताना मला उंबऱ्यावरून दिसत होती. मग पुन्हा चालली. खिडकीतून त्याच्या हातात चहा दिला आणि म्हणाली, भाऊ, तुला उगंच लवकर उठवलं. चहा पी अन् जाय.