बिनआवाजाची गाडी

बायकोनं अन् मी सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे अंबाझरी तळ्यापर्यंत मारलेली चक्कर. बॅटरीवरची मोटार कंपनीच्या माणसानं दाखवाले आणली होती. गाड्या वर्षभरानं मिळणार होत्या, पण माझ्या सायकल दुकानात एजन्सी घ्यायची का, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच सांगायचं होतं. गाडी नावेसारखी तरंगत चालली होती. तळ्यावरची पाखरं आत ऐकू येत होती.

"अवो, आवाजच नाही, तर शेजाऱ्याईले कसं समजंन गाडी घेतली म्हणून?"

"मंग कोण घेईन वं?"

"मी विकीन ना. तुम्ही फक्त तोंड बंद ठेवजा."

पहाटे ती उठलीच नाही. कंपनीचा माणूस आला, तेव्हा अंगणात तिरडी बांधत होते. मले गिऱ्हाइकाशी गोड बोलता येत नाही. मी त्याले सरळ नाही म्हटलं.